फाशीच्या घोषणा पुरे, मुलाशेजारी बसायला माणूस द्या

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका न्यायालयाच्या व्हरांड्यात सकाळी साडेदहापासून संध्याकाळी पावणेपाचपर्यंत मी एका १३ वर्षांच्या मुलाशेजारी बसून होते. त्याच्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात त्याची साक्ष व्हायची होती. साक्षीसाठी त्याला बोलावण्याची ही तिसरी खेप. साक्ष मात्र अजून एकदाही झालेली नाही. तक्रार नोंदवली तेव्हा तो तिसरीत होता. आता सातवीत आहे आणि त्याचा आवाज फुटायला लागलाय.

समोरच्या बाकावर, चार हातांवर, आरोपी बसला होता. तो जामिनावर आहे. सोबत घरची माणसं होती, दुपारी त्यांनी डबा उघडला. मुलगा आधी माझ्या पाठीमागे सरकला, मग उठून जिन्याखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेचना. बाल साक्षीदारांसाठी त्या इमारतीत वेगळी खोली आहे. दारावर पाटी आहे, पाटीवर फुलपाखरूसुद्धा काढलंय. आत जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेत, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी रजेवर होते. दुपारनंतर पुकारा झाला, वकील दुसऱ्या कोर्टात अडकल्याचं कळलं, आणि पावणेपाचला आम्हाला पुढची तारीख मिळाली.

एसटी स्टँडकडे चालताना मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना सांगा ना, मी विसरलो म्हणून."

तो काहीही विसरलेला नाही. मागचे चार दिवस तो रात्री दिवा लावून झोपत होता, हे त्याच्या आईनंच मला सांगितलं.

हे पत्र त्या न्यायालयाविरुद्ध नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर मी बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नये. पण व्हरांड्यातला बाक, खोलीची किल्ली, आईची बुडालेली रोजंदारी आणि माझ्यासारख्या माणसांची नेमणूक या गोष्टी न्यायाधीशांच्या निकालपत्रात येत नाहीत. त्या अंदाजपत्रकात येतात, शासन निर्णयात येतात, सभागृहातल्या प्रश्नोत्तरांत येतात. किंवा येत नाहीत. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी कोण, ते आधी सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर बाल कल्याण समितीच्या, म्हणजे संकटातल्या मुलांची काळजी पाहणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या, आदेशानं 'सहाय्यक व्यक्ती' म्हणून काम करते. सगळे 'सपोर्ट पर्सन'च म्हणतात. अत्याचार झालेल्या मुलाबरोबर तक्रारीपासून निकालापर्यंत राहायचं, हे काम. पोलिसांपुढचा जबाब, दवाखान्यातली तपासणी, तारखा, भरपाईचा अर्ज, पुन्हा शाळेत जाणं, शेजाऱ्यांच्या नजरा, सगळ्यात बरोबर असायचं. मुलाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. दर महिन्याला समितीला अहवाल द्यायचा. आजवर पाच मुलांबरोबर राहिले, चार मुली आणि हा एक मुलगा.

हे काम मी समाजसेवेची हौस म्हणून घेतलं नाही. १९९४ साली माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी अचानक गप्प झाली. गृहपाठ बंद, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची. मी तिला दोनदा उभं करून रागावले. वर्षाअखेरीस तिचं नाव शाळेतून काढलं गेलं. पुढे खूप वर्षांनी खरं काय होतं ते कळलं. तेव्हा माझ्याकडे त्या गोष्टीला नावही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कायद्याकडेही धड नव्हतं.

तरुण सदस्यांना कदाचित आठवत नसेल, म्हणून थोडं मागे जाते. २०१२ पूर्वी मुलग्यावर अत्याचार झाला तर भारतीय दंड संहितेतलं 'अनैसर्गिक' संभोगाबद्दलचं कलम ३७७ सोडून हाताशी फारसं काही नसायचं. मुंबईत आणि मुरूडला परदेशी माणसांनी चालवलेल्या अँकरेज आश्रयगृहांतल्या मुलांचं प्रकरण २००१ मध्ये गुन्ह्याच्या रूपात पुढे आलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. मुलांसाठी मदतवाहिनी चालवणारी चाइल्डलाइनसारखी संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली म्हणून हे झालं. शेजारच्या गोव्यात अशाच एका अनाथालयाच्या प्रकरणानं समाज हादरला आणि २००३ मध्ये तिथे मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांना विचारून अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रही त्यात होता. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. 'आपल्याकडे असलं काही नसतं' हे वाक्य त्यानंतर निदान अधिकृतपणे तरी कुणाला म्हणता येईना.

मग १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात आलं, मुलगा असो की मुलगी. हा कायदा मी ओळ न् ओळ वाचलाय आणि तो लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पोलिसांनी मुलाकडे गणवेशात जाऊ नये. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा. रात्री त्याला ठाण्यात थांबवू नये. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करावी. वकिलांनी प्रश्न थेट विचारू नयेत, न्यायाधीशांमार्फत विचारावेत. साक्ष देताना मुलाला आरोपी दिसू नये. त्याला पुन्हा पुन्हा कोर्टात बोलावू नये. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षाच्या आत खटला संपवावा. ही सगळी वाक्यं कायद्यात आहेत. मूल म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या कुणीतरी ती लिहिली आहेत.

तुम्ही मात्र या वाक्यांकडे पाहिलं नाहीत. तुम्ही शिक्षेच्या आकड्याकडे पाहिलंत.

२०१९ मध्ये संसदेनं पोक्सोतल्या शिक्षा वाढवल्या, सर्वांत गंभीर गुन्ह्याला फाशीपर्यंत नेलं. डिसेंबर २०२१ मध्ये तुमच्या दोन्ही सभागृहांनी महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं 'शक्ती' विधेयक एकमतानं संमत केलं. त्यातही फाशी होती, आणि बाकं वाजली होती. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्यानं ते काही अमलात आलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर लोक रेल्वे रुळांवर उतरले. लोक पेटले ते गुन्ह्यानं, आणि त्याहून जास्त तक्रार घ्यायला झालेल्या दिरंगाईनं. उच्च न्यायालयानंही त्यावरच बोट ठेवलं. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला, खटला चाललाच नाही. त्या दिवसांत तुमच्यापैकी जे जे बोलले त्यांची भाषणं मी लक्ष देऊन ऐकली. 'भरचौकात', 'फासावर', 'चाळीस दिवसांत', हे शब्द खूपदा आले. 'सहाय्यक व्यक्ती' हा शब्द एकदाही माझ्या कानावर पडला नाही.

फाशीनं काय होतं ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलेलं सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतात: पोक्सोखालच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, सावत्र बाप, शेजारी, शिकवणीचे सर. एका मुलीला तिची आजी माझ्यासमोर म्हणाली, "तुझ्या तोंडच्या एका शब्दानं माझा लेक लटकेल, बघ." मुलगी दहा वर्षांची होती. पुढच्या तारखेला ती फितूर झाली. आता 'फितूर' हा शब्द दहा वर्षांच्या पोरीला लावायचा, तर लावा. कोर्टाच्या कागदावर तोच आहे. शिक्षा जेवढी भयंकर, तेवढं मुलाच्या डोक्यावरचं ओझं वाढतं आणि तेवढीच घरातली माणसं तोंड दाबतात. गुन्हेगाराला धाक बसतो तो शिक्षा नक्की होणार या खात्रीनं. ती खात्री मुलाच्या साक्षीवर उभी असते. आणि साक्ष ते मूल किती दिवस तग धरतं यावर.

आता माझ्या तक्रारी. मोजक्याच घेते, आणि मी स्वतः पाहिलेल्याच.

पहिली आणि सगळ्यात मोठी, माणूसच नसतो. मूल आणि पालक हो म्हणाले की बाल कल्याण समितीनं सहाय्यक व्यक्ती द्यायची, जिल्हा बाल संरक्षण कक्षानं अशा व्यक्तींची, दुभाष्यांची, विशेष शिक्षकांची नोंदवही ठेवायची, असं २०२० च्या नियमांत आहे. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये बजावलं की ही गोष्ट पालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, असा माणूस मिळू शकतो आणि तो मागण्याचा हक्क आहे हे प्रत्येक वेळी त्यांना सांगितलं पाहिजे. मी ज्या पाच कुटुंबांबरोबर राहिले, त्यांतल्या एकालाही हे आपणहून कुणी सांगितलं नव्हतं. दोघांना अंगणवाडीताईकडून कळलं, एकाला वकिलाच्या कारकुनाकडून. मी पहिल्यांदा नोंदवही पाहिली तेव्हा तीत सात नावं होती. त्यांतल्या दोघी बदली होऊन गेलेल्या, एक गृहस्थ वारलेले. मूकबधिर मुलांची खाणाखुणांची भाषा जाणणारं कुणीच नव्हतं. जिल्हा केवढा आहे ते सांगत नाही, नाहीतर ओळख पटेल. पण चार माणसांत भागण्यासारखा तो नक्कीच नाही.

आणि मानधन. सहाय्यक व्यक्तीला कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी देऊ नये, असं नियमच सांगतो. मला पेन्शन आहे, मी एसटीनं जाते, माझं चालतं. पण समाजकार्याची पदवी घेतलेली एक मुलगी आमच्यात आली होती, हाताला गोड, मुलं तिच्याशी पटकन बोलायची. चौदा महिने तिची बिलं अडकली. आता ती एका मॉलमध्ये नोकरी करते. चांगलं केलं तिनं.

दुसरी गोष्ट, एकच हकिगत किती वेळा सांगायची? व्हरांड्यातल्या या मुलाच्या आईनं आधी ठाण्यातल्या अंमलदाराला सांगितलं, मग साहेबांना, मग दुसऱ्या ठाण्यातून बोलावलेल्या महिला अधिकाऱ्यांना. मुलानं त्या अधिकाऱ्यांना, दवाखान्यात, समितीपुढे, दंडाधिकाऱ्यांपुढे. त्या महिला अधिकारी चांगल्या होत्या, साडी नेसून घरी आल्या, ओट्यावर बसल्या. पण तोवर मुलगा ठाण्यात तीन तास बसून आला होता, आणि तिथे कुणीतरी हसून म्हणालं होतं, "मुलग्याला काय व्हायचंय?" माणूस वाईट नसेल तो. त्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच. कायद्याच्या ४३ व्या कलमात पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. ते प्रशिक्षण ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोचतं का, एवढं विचारा.

तिसरी, आम्हाला काही कळवत नाहीत. आरोपीला अटक झाली, जामिनाचा अर्ज आला, तारीख पडली, हे सगळं मुलाच्या घरी कळवायचं असतं. एप्रिल २०२१ मध्ये एका बालहक्क कार्यकर्त्याच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जामिनाच्या सुनावणीची सूचना कुटुंबाला मिळालीच पाहिजे असं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात या मुलाच्या आईला जामीन झाल्याचं कळलं ते दळण आणायला गेली तेव्हा. आरोपी समोरून मोटारसायकलवर आला. पिठाचा डबा तिथेच टाकून ती घरी पळत आली. वीज बिलाचा मेसेज येतो, गॅसचा येतो, मतदानाच्या आदल्या दिवशी तुमचे तर दहा येतात. हा एक मेसेज येऊ शकत नाही?

चौथी, ती कुलूपबंद खोली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, तेही महाराष्ट्रातून गेलेल्याच प्रकरणात, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या न्यायालयांत असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्रं उभारायला सांगितली. वेगळं दार, वेगळी बसायची जागा, पडदा किंवा कॅमेरा. काही ठिकाणी अशी केंद्रं खरंच चांगली आहेत. मी एक पाहिलंय, तिथे मुलगी साक्ष देऊन आल्यावर खेळण्यातली गाडी सोडायला तयार नव्हती. म्हणजे जमतं. इमारत, वीज, पगारी माणूस, यांना पैसा राज्य सरकारच देतं. तुमच्या मतदारसंघातल्या न्यायालयात ही खोली उघडी असते का, हे पाहायला तुम्हाला अर्धा तास लागेल.

पाचवी, पैसे. हे बोलायला लोक कचरतात, मी कचरत नाही. मुलाची तातडीची गरज असेल तर अन्न, कपडे, प्रवास यांसाठी समितीच्या शिफारशीनंतर आठवड्याच्या आत मदत मिळावी असा नियम आहे. न्यायालय अंतरिम भरपाईही देऊ शकतं. आपल्या राज्यात २०१३ पासून अत्याचार झालेल्या महिला-मुलांना आर्थिक मदत देणारी 'मनोधैर्य' योजना आहे, तिची मर्यादा पुढे दहा लाखांपर्यंत वाढवली, त्याबद्दल सरकारचं कौतुकही केलं होतं मी. पण खटल्याच्या काळात आईची प्रत्येक तारखेला रोजंदारी बुडते, आणि नेमक्या त्याच काळात आरोपीकडचा माणूस पाकीट घेऊन दारात उभा असतो. भरपाई निकालानंतर आली काय, न आली काय, 'मिटवून टाका'चं पाकीट तर आधीच आलेलं असतं.

सहावी तक्रार थेट तुमच्याबद्दल आहे. अशी घटना घडली की तुमच्यापैकी काहीजण कार्यकर्ते आणि कॅमेरे घेऊन मुलाच्या घरी जातात. घर दिसतं, गल्ली दिसते, आजीचा चेहरा झाकून गळ्यातली पोत दाखवतात. गावाला एवढं पुरतं. पोक्सोच्या २३ व्या कलमानुसार मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि त्यात कुटुंब, शेजार, शाळा हे सगळं येतं. सांत्वनाला जायचंच असेल तर एकटे जा. रात्री जा. गाडी लांब उभी करा.

मोबाइलवरून होणाऱ्या शोषणाबद्दल मी फार लिहीत नाही, त्यातलं मला फार कळत नाही. एवढंच, सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी चित्रं-फिती जवळ ठेवणं आणि पाहणंही गुन्ह्यात येतं हे स्पष्ट केलं, आणि 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच टाकून द्यायला सुचवलं, कारण त्या प्रत्येक चित्रामागे एका मुलावर झालेला अत्याचार असतो. सभागृहात बोलताना तोच जुना शब्द वापरू नका, इतकं तर आजपासून जमेल. आणि हो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींची प्रेमप्रकरणं पालक पोक्सोखाली आणतात, तोही खरा आणि अवघड प्रश्न आहे. पण नऊ वर्षांच्या पोराचा विषय निघाला की 'कायद्याचा गैरवापर होतो' म्हणत तो पुढे करू नका. दोन्हींची गल्लत मुद्दाम केली जाते, हे आम्हाला कळतं.

आपल्या मुलुखाला हा वाद नवा नाही, हेही जाता जाता आठवते. १८९१ मध्ये मुलीचं संमतिवय, म्हणजे ज्याखाली तिच्याशी शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो ते वय, दहावरून बारा करण्याच्या कायद्यावरून पुण्यात सभा उधळल्या गेल्या. आगरकर आणि रानडे एका बाजूला, टिळक दुसऱ्या. त्या वादाची पानंच्या पानं छापली गेली, आम्ही ती शाळेत शिकवली. ज्या मुलींबद्दल वाद होता त्यांचं म्हणणं मात्र त्या पानांत शोधावं लागतं. त्याच्या काही वर्षं आधी, १८८५ मध्ये, रखमाबाईंना स्वतःचं म्हणणं मांडायला टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' अशी सही करून पत्रं लिहावी लागली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही बाई पुढे कोर्टात उभी राहिली, आणि नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन म्हणाली. पुढे ती डॉक्टर झाली. एवढं धैर्य आपण नऊ वर्षांच्या मुलाकडून गृहीत धरतो. त्याला रखमाबाई व्हायला का लावता?

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

येत्या अंदाजपत्रकात सहाय्यक व्यक्तींसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष काढा आणि मानधन महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होईल असं करा. जिल्हानिहाय नोंदवही दर सहा महिन्यांनी तपासली जावी, आणि मृत माणसांची नावं तीतून निघावीत.

गुन्हा नोंदवल्यापासून २४ तासांत पोलीस समितीला कळवतात, तसा त्यांना कायदाच आहे. त्याच कागदावर 'सहाय्यक व्यक्तीबद्दल कुटुंबाला सांगितलं का' असा रकाना घाला, आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा घ्या.

जामीन आणि तारखांची सूचना पालक आणि सहाय्यक व्यक्ती दोघांनाही मोबाइलवर, मराठीत, जावी. त्या मेसेजमध्ये गुन्ह्याचं कलम किंवा 'पोक्सो' हा शब्द नको. फोन घरात कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

तातडीच्या मदतीची मुदत पाळली गेली की नाही, याचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडून तिमाहीला मागवा.

शाळा, वसतिगृहं, क्रीडा प्रबोधिन्या, शिकवण्या इथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटीसुद्धा, पोलीस पडताळणी ठरावीक काळानं व्हायला हवी असं नियम सांगतात. एका निवासी शाळेत मी विचारलं तेव्हा सुरक्षारक्षकाची पडताळणी त्याला पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे असेल, असं उत्तर मिळालं. ती शाळेत, फायलीत, पालकाला मागता क्षणी दिसेल अशी हवी.

आणि शिक्षा आणखी वाढवणारं कोणतंही विधेयक पुढची पाच वर्षं आणू नका. ही मागणी तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुमचा वेळ मला दुसऱ्या गोष्टीसाठी हवाय.

तुमच्याकडे तारांकित प्रश्न नावाचं एक साधन आहे, मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यायला लावणारं. तुमच्यापैकी एकानं, कुठल्याही पक्षाच्या, पुढच्या अधिवेशनात एक प्रश्न लावावा. मी तो लिहूनच देते, शिक्षिकेची खोड:

"राज्यात गेल्या तीन वर्षांत पोक्सो अधिनियमाखाली दाखल झालेल्या प्रकरणांपैकी, जिल्हानिहाय, (अ) किती प्रकरणांत सहाय्यक व्यक्ती नेमण्यात आली, (ब) किती प्रकरणांत बालकाची साक्ष ३० दिवसांत नोंदवली गेली, (क) किती बालकांना साक्षीसाठी एकाहून अधिक वेळा बोलावण्यात आलं, (ड) किती बालकांना तातडीची किंवा अंतरिम मदत मिळाली आणि अर्जापासून किती दिवसांत, (इ) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

उत्तर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं आलं, तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा लावा.

या पत्राखाली मी माझं नाव लिहीत नाही. मला कुणाची भीती नाही. पण माझं नाव कळलं की जिल्हा कळेल, जिल्हा कळला की तालुका, आणि त्या तालुक्यात तिसरीपासून कोर्टात जाणारा मुलगा एकच आहे. त्याचं वय, इयत्ता आणि नातेवाइकांचे काही तपशील मी बदलले आहेत. व्हरांडा, बाक आणि किल्ली बदललेली नाही.

त्याची पुढची तारीख सात आठवड्यांनी आहे. खोली त्या दिवशी उघडी मिळावी म्हणून मी आजच लेखी अर्ज देऊन आले. पोच घेतली आहे.

आपली विश्वासू,

एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(सहाय्यक व्यक्ती, जिल्ह्याच्या नोंदवहीत अनुक्रमांक ५)